चेंदमंगलमचे जुने प्रार्थनाघर

एखाद्या घरातली माणसे परगावी जातात. दाराला कुलूप लागते. पहिल्या पावसात कौले सरकतात. दुसऱ्या पावसात वासे भिजतात. मग वाळवी लागते, भिंतीत पिंपळ उगवतो, आणि पाहता पाहता घर बसते. असे एखादे तरी घर प्रत्येक गावात असते. आपण जाता-येता ते पाहतो आणि म्हणतो, "माणूस नाही, तर घर कसं राहील?"

पण ते घर देवाचे असले तर? पूजाअर्चा, प्रार्थना करणारी सगळी माणसे एकदमच निघून गेली, तर त्या घराचे काय करायचे? या पाठात अशाच एका घराची माहिती घेऊ. ते घर केरळ राज्यात आहे. पूर्वी ते यहुदी लोकांचे प्रार्थनाघर होते. आज ते संग्रहालय आहे. संग्रहालय म्हणजे जुन्या, मोलाच्या वस्तू जपून ठेवून लोकांना दाखवण्याची जागा.

यहुदी म्हणजे कोण?

यहुदी हा जगातला एक फार जुना धर्म. यहुदी लोक एकच देव मानतात आणि त्याची मूर्ती करीत नाहीत. त्यांच्या धर्मग्रंथाला तोरा म्हणतात. जेरुसलेम हे त्यांचे पवित्र शहर. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा विसाव्याचा दिवस सुरू होतो. तो शनिवारी रात्री संपतो. त्या वेळात ते कामधंदा करीत नाहीत.

आपल्या महाराष्ट्राला हे लोक नवे नाहीत. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा या भागांत ते शेकडो वर्षे राहिले. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. ते तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकऱ्यांनी त्यांचे नाव पाडले 'शनिवार तेली'. त्यांची आडनावे पाहा. दिव्याचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. घरात बोली मराठी. बायका नऊवारी नेसत.

यहुद्यांच्या प्रार्थनाघराला इंग्रजीत सिनेगॉग म्हणतात. पण आपल्या लोकांनी त्याला आपलीच नावे दिली. मुंबईत त्याला मशीद म्हणत. पुण्यात १८६७ साली लाल विटांचे मोठे सिनेगॉग उभे राहिले. पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणू लागले. केरळची भाषा मल्याळम. त्या भाषेत 'पळ्ळी' असा एक शब्द आहे. ख्रिस्ती लोकांचे चर्च ती पळ्ळी, मुसलमानांची मशीद ती पळ्ळी, आणि यहुद्यांचे प्रार्थनाघर तीही पळ्ळीच. देव ज्याचा त्याचा, पण घराला शब्द एकच.

कोकणचे यहुदी आणि केरळचे यहुदी यांचे जुने नाते आहे. सामाजी हसाजी दिवेकर नावाचे एक बेने इस्राएल गृहस्थ होते. ते कंपनी सरकारच्या फौजेत अंमलदार होते. लढाईत ते टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडले, आणि सुटलो तर देवाचे घर बांधीन असा त्यांनी नवस केला, असे सांगतात. ते सुटले. त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात यहुद्यांचे प्रार्थनाघर बांधले. मुंबईतले ते पहिले. पुढे तोराच्या प्रती आणण्यासाठी ते केरळात कोचीला गेले आणि १७९७ साली तिथेच वारले, असे त्या समाजाच्या इतिहासात सांगतात. आता आपणही त्याच वाटेने कोचीकडे जाऊ.

गाव कसे आहे?

कोची हे केरळचे मोठे बंदर. त्याच्या उत्तरेला, एर्नाकुलम जिल्ह्यात, पेरियार नदीच्या काठी चेंदमंगलम नावाचे गाव आहे. चहूकडे पाणी, नारळी-पोफळी, मधूनच टेकडी. हातमागाच्या कापडासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. कोचीच्या राजाचे दिवाण पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यातले असत. त्यांना पालियत अच्छन म्हणत. त्या घराण्याचे हे गाव.

या गावात थोड्याशा अंतरात चार धर्मांची ठिकाणे आहेत. कृष्णाचे देऊळ आहे, चर्च आहे, मशीद आहे आणि यहुद्यांचे प्रार्थनाघर आहे. गावातले लोक सांगतात, एक काळ असा होता की देवळातला शंख, चर्चची घंटा, मशिदीतली बांग आणि यहुद्यांचे शिंग, हे चारही आवाज एका जागी उभे राहून ऐकू येत. यहुदी लोक नव्या वर्षाच्या सणाला एडक्याचे शिंग फुंकतात. त्यांतले तीन आवाज आजही आहेत. शिंगाचा आवाज मात्र बंद झाला. तो का बंद झाला, ते पुढे पाहू.

दारातला दगड

प्रार्थनाघराभोवती आवार आहे. आवारात शिरलात की घाई करू नका. दारासमोरच एक उभा दगड आहे. त्यावर अक्षरे कोरली आहेत. ही हिब्रू अक्षरे, म्हणजे यहुद्यांच्या धर्मभाषेची. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात.

हा एका बाईच्या थडग्यावरचा दगड आहे. तिचे नाव सारा. बापाचे नाव इस्राएल. साल इसवी सन १२६९. भारतात सापडलेल्या हिब्रू लेखांत हा सर्वांत जुना मानला जातो.

१२६९ साल म्हणजे किती जुने, याचा थोडा हिशेब करू. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्याच्याही चारशे पाच वर्षे आधी हा दगड कोरला गेला. त्या वेळी आपल्याकडे देवगिरीला यादवांचे राज्य होते. ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली १२९० साली. म्हणजे हा दगड ज्ञानेश्वरीहून एकवीस वर्षांनी वडील आहे.

सारा कोण होती, काय करीत होती, हे दगड सांगत नाही. ती राणी नव्हती, की मोठी सरदारीण नव्हती. तिच्या माणसांनी चार ओळी कोरून ठेवल्या एवढेच. पण तेवढ्यामुळे साडेसातशे वर्षांनंतर आपण तिचे नाव घेतो आहोत. लिहून ठेवलेल्या अक्षराची ही ताकद आहे, बरं का!

हा दगड जवळच्या कोडुंगल्लूरहून इथे आणला असावा, असे मानतात. कोडुंगल्लूर हे पूर्वीचे मोठे बंदर. मिरीच्या व्यापारासाठी देशोदेशींची गलबते तिथे येत. यहुद्यांचीही मोठी वस्ती तिथे होती. सुमारे हजार वर्षांपूर्वी तिथल्या राजाने जोसेफ रब्बान नावाच्या यहुदी पुढाऱ्याला मोठे मान दिले. पालखी, छत्री, दिवट्या वापरण्याचा मान, काही करांची माफी असे पुष्कळ काही त्यात होते. ते तांब्याच्या पत्र्यावर लिहून दिले. ते ताम्रपट आजही कोचीला आहेत. पुढे १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला. बंदर गाळाने भरू लागले. व्यापार कोचीकडे सरकला. त्यानंतर पोर्तुगीज आले आणि लढाया झाल्या. यहुद्यांनी कोडुंगल्लूर सोडले आणि ते कोची, परवूर, चेंदमंगलम, माळा अशा गावी राहू लागले.

आत काय पाहायचे?

इमारत दुरून साधी दिसते. जाड भिंती, वर चुन्याचा पांढरा गिलावा, उतरते कौलारू छप्पर. कोकणातल्या माणसाला हे बांधकाम ओळखीचे वाटेल. केरळातही आपल्या कोकणासारखा जांभा दगड निघतो आणि पाऊसही तसाच कोसळतो. म्हणून घरे बांधायची रीतही जवळजवळ तीच. यहुद्यांनी आपले प्रार्थनाघर केरळच्या गवंड्या-सुतारांकडून, केरळच्या रीतीने बांधून घेतले. केरळातले यहुदी आत जाताना देवळात जातात तसे पादत्राणे बाहेर काढीत.

आधी एक लहान ओटीसारखी खोली लागते. तिच्यातून मोठ्या दालनात जायचे. आत गेल्यावर पहिल्यांदा वर पाहा. छत लाकडाचे आहे. त्यावर कमळे कोरली आहेत. कमळ आपल्या देवळात असते. तेच कमळ इथे यहुद्यांच्या छतावर उमलले आहे. सुताराचा हात एकच. तो देवळात चालला तसाच इथेही चालला.

दालनाच्या मधोमध कठडा असलेला एक ओटा आहे. त्याला तेवा म्हणतात. यावर उभे राहून प्रार्थना सांगायची आणि लोकांनी चारी बाजूंनी बसून ऐकायची. कीर्तनकार मधे आणि श्रोते भोवती, तसेच हे.

पश्चिमेच्या भिंतीला एक कोरीव, रंगवलेले लाकडी कपाट आहे. तोरा या कपाटात ठेवायची. हे कपाट पश्चिमेलाच का? कारण जेरुसलेम शहर आपल्या देशाच्या पश्चिमेला आहे. प्रार्थना करताना तिकडे तोंड व्हावे म्हणून कपाट त्या बाजूला.

तोरा कशी असते, हे नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाने जरूर समजून घ्यावे. ती आपल्या पोथीसारखी पानापानांची नसते. कमावलेल्या कातड्याच्या लांबच लांब पट्टीवर ती हाताने लिहितात आणि दोन दांड्यांवर गुंडाळून ठेवतात. छापलेली चालत नाही. तिच्यात अक्षरे असतात, पण काना, मात्रा, वेलांटी यांच्यासारख्या खुणा नसतात. वाचणाऱ्याने त्या आपल्या मनाने भरून वाचायच्या! म्हणून यहुदी मुलगा लहानपणापासून घोकून तयारी करतो. वाचताना अक्षराला बोट लावायचे नाही, असाही दंडक आहे. चांदीची किंवा लाकडाची एक काडी असते, तिने ओळ दाखवायची. आपणही सुरुवातीला बोट फिरवूनच वाचायला शिकलो. तेव्हा ओळ चुकण्याची धास्ती सगळ्यांनाच असते, हे ध्यानात ठेवा.

आता माडीकडे पाहा. दालनाच्या एका बाजूला, दोन खांबांवर एक सज्जा आहे. त्या सज्ज्यावर दुसरा तेवा आहे. एकाच प्रार्थनाघरात दोन तेवे ही केरळची खास रीत. दुसऱ्या देशांत ती सहसा आढळत नाही. सणावाराला तोरा वर नेत आणि तिथून वाचीत. या वरच्या तेव्याच्या मागे, जाळीच्या पलीकडे, बायकांची बसायची जागा होती. तिथे जायला वेगळा जिना. म्हणजे सणाच्या दिवशी ग्रंथाचे वाचन बायकांच्या अगदी जवळून होई.

बायकांच्या वह्या

केरळच्या यहुदी बायकांबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या मल्याळम भाषेत गाणी म्हणत. लग्नाची, सणाची, जुन्या पुराणकथांची. आपल्याकडे हळदीला, जात्यावर बायका ओव्या म्हणतात, तशी. पण त्यांनी आणखी एक काम केले. ती गाणी वह्यांत उतरवून ठेवली. आईची वही लेकीने उतरवायची, सासूची सुनेने. अशा हाताने लिहिलेल्या वह्या घरोघर होत्या.

गाव सोडून जाताना बायकांनी त्या वह्या बरोबर नेल्या. पुढे अभ्यासकांनी घरोघर फिरून त्या गोळा केल्या. म्हाताऱ्या बायकांकडून चाली ऐकून घेतल्या. २००४ साली जेरुसलेममध्ये या गाण्यांची तबकडी निघाली. वह्या नसत्या तर ती गाणी म्हाताऱ्यांबरोबरच गेली असती. आपल्या घरातल्या किती ओव्या अशा गेल्या असतील? तुम्हाला आता लिहिता येते. आजी अजून बोलती आहे तोवर एक वही घाला.

दहा माणसांचा नियम

मग हे प्रार्थनाघर बंद का पडले? त्यासाठी यहुद्यांचा एक नियम माहीत पाहिजे. एकटा माणूस घरी प्रार्थना करू शकतो. पण सर्वांनी मिळून करायची पुरी प्रार्थना असेल आणि तोरा बाहेर काढून वाचायची असेल, तर दहा पुरुष हजर लागतात. तेरा वर्षे पुरी झालेला मुलगा त्यांत धरतात. दहा भरले तर प्रार्थना पुरी. नऊ असले तर एकाची वाट पाहायची.

१९४८ साली इस्राएल नावाचा यहुद्यांचा देश स्थापन झाला. यहुदी लोक दोन हजार वर्षे रोजच्या प्रार्थनेत जेरुसलेमचे नाव घेत आले होते. केरळच्या लोकांनाही तिकडे जाण्याची ओढ लागली. त्या वेळी केरळात सुमारे अडीच हजार यहुदी होते. १९५० नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्यांतले बहुतेक सगळे गेले. चेंदमंगलमचेही गेले.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगितली पाहिजे. युरोपात यहुद्यांचा भयंकर छळ झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिटलरच्या राज्यात सुमारे साठ लाख यहुदी मारले गेले. चेंदमंगलममध्ये त्यांना कोणी हाकलले नाही. शेजाऱ्यांशी वैर झाले नाही. धर्माची ओढ होती, आणि नव्या देशात पोराबाळांचे बरे होईल अशी आशा होती. म्हणून ते गेले. जाताना तोराही बरोबर नेली. जमीन, घर, विहीर, शेजार आणि वाडवडिलांची थडगी मात्र मागे राहिली. थडगी कोण बरोबर नेणार?

तिकडे गेल्यावर सुख वाट पाहत बसले नव्हते. पुष्कळांना ओसाड, कोरड्या भागात जमिनी मिळाल्या. पावसाच्या मुलखातली ही माणसे वाळवंटात जाऊन पडली. पण त्यांनी हात टेकले नाहीत. चेंदमंगलममध्ये जन्मलेले एलियाहू बेझलेल १९५५ साली इस्राएलला गेले. सुरुवातीला त्यांनी मेंढ्या राखल्या. मग वाळवंटाच्या जमिनीत फुलशेती केली आणि गुलाब परदेशी पाठवले. पुढे भारत सरकारने त्यांना 'प्रवासी भारतीय सन्मान' दिला. आपल्या बेने इस्राएलांचेही तसेच. तिकडे जाऊनही त्यांनी मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिकडे चालवले.

मागे राहिलेल्या घरांचे काय झाले?

केरळात यहुद्यांची अनेक प्रार्थनाघरे होती. दहा माणसे कुठेच उरली नाहीत. मग एकेका घराचे एकेक झाले. ते जरा शेजारी शेजारी ठेवून पाहू.

कोचीच्या मट्टांचेरी भागात कडवुंभागम नावाचे प्रार्थनाघर होते. सोळाव्या शतकातले. माणसे गेल्यावर ती इमारत विकली गेली. तिचे गोदाम झाले. आतले सुंदर लाकूडकाम पुढे जेरुसलेमच्या मोठ्या संग्रहालयात नेले आणि तिथे ते पुन्हा जोडून मांडले. ते बचावले. पण मूळ इमारतीकडे लक्ष राहिले नाही. २०१९ सालच्या पावसाळ्यात तिचा मोठा भाग कोसळला.

माळा गावच्या यहुद्यांनी जाताना आपले प्रार्थनाघर गावच्या पंचायतीच्या हाती सोपवले. पंचायतीने त्याचा सभागृह म्हणून वापर केला.

परवूर हे गाव चेंदमंगलमपासून जवळच आहे. तिथले प्रार्थनाघर मोठे होते, पण तेही पडायला आले होते. केरळ सरकारने ते दुरुस्त करून त्याचे संग्रहालय केले. तिथे केरळच्या यहुद्यांचे राहणीमान दाखवले आहे.

आणि चेंदमंगलमचे? तेही पन्नास वर्षे बंद पडून मोडकळीला आले होते. केरळच्या पुरातत्त्व खात्याने, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने, ते हाती घेतले. छप्पर, भिंती, लाकूडकाम नीट केले. परदेशी अभ्यासकांनी मदत केली. गावच्या यहुद्यांची हकिकत सांगणारे फलक लावले. आणि २००६ साली ते संग्रहालय म्हणून सर्वांसाठी खुले झाले.

जो पाऊस कडवुंभागमवर पडला, तोच चेंदमंगलमवरही पडला. एक घर कोसळले आणि एक उभे राहिले. तेव्हा नुसत्या वयाने घर पडत नाही. कौल सरकले की ते नीट बसवणारा कोणी नसतो, म्हणून ते पडते.

देवघराचे संग्रहालय करावे का?

काही जण म्हणतील, "जिथं प्रार्थना नाही, ते देवाचं घर कसलं? तिकीट काढून आत जायचं, हे बरं दिसतं का?" हे म्हणणे खोटे नाही. चेंदमंगलमच्या त्या दालनात उभे राहिले की मन थोडे उदास होते. तेवा आहे, पण वाचणारा नाही. कपाट आहे, पण त्यात त्यांची तोरा नाही. नीट झाडलेले, पुसलेले, रंगवलेले घर, आणि घरचे कोणी नाही. संग्रहालय हे दुःख मिटवू शकत नाही.

पण दुसरी बाजू पाहा. संग्रहालय नसते तर तिथे गोदाम असते, किंवा दगडमातीचा ढीग. साराचा दगड कोणाच्या तरी ओट्याला लागला असता. आज इस्राएलहून या लोकांची नातवंडे येतात, तेव्हा आजोबा ज्या ओट्याभोवती बसत तो ओटा त्यांना पाहायला मिळतो. आजी ज्या जाळीआडून ऐकत होती तिथे नात उभी राहू शकते. आणि गावातल्या शाळेची पोरे येतात, तेव्हा त्यांना कळते की आपल्या गावात असेही शेजारी होते.

प्रार्थना चालू ठेवणे हे त्या धर्माच्या माणसांचे काम. ते शेजाऱ्याला करता येत नाही. पण घर राखणे शेजाऱ्याला करता येते. चेंदमंगलममध्ये झाले ते एवढेच. ज्यांचा तो धर्म नाही अशा लोकांनी, आपल्या सरकारच्या पैशाने, गेलेल्या शेजाऱ्याचे घर राखले.

पाहायला जाताना

महाराष्ट्रातून कोकण रेल्वेने केरळला जाता येते. आलुवा स्टेशनावर उतरावे. तिथून उत्तर परवूरची बस मिळते आणि परवूरहून चेंदमंगलम जवळ आहे. संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्यावा. परवूर आणि चेंदमंगलम दोन्ही एका दिवसात पाहून होतात.

कोणत्याही धर्माच्या जुन्या ठिकाणी जाताना चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, आत हळू बोलावे. प्रार्थना होत नसली तरी ती कोणाची तरी प्रार्थनेची जागा आहे. दुसरी, लाकडाला, रंगाला हात लावू नये. एकाचा हात लागून काही होत नाही, पण हजारांचे हात लागले की रंग जातो. तिसरी, फलक वाचावेत. एखादा शब्द अडला तर बरोबरच्या माणसाला विचारावा, त्यात लाज नाही. चौथी गोष्ट फार महत्त्वाची. आपल्याला लिहिता येऊ लागले म्हणून भिंतीवर आपले नाव कोरू नये. नाव लिहायला वही आहे!

केरळ लांब पडत असेल, तर पुण्याचे लाल देऊळ आणि अलिबागेचे सिनेगॉग आपल्याजवळ आहेत. ती अजून प्रार्थनेची घरे आहेत. म्हणून तिथे परवानगी विचारूनच आत जावे.

आता आपल्या गावाकडे पाहू

गावाबाहेर पडकी धर्मशाळा असते. बुजत चाललेली पायऱ्यांची विहीर असते. कोणाची तरी समाधी, वीरगळ, जुना दर्गा, मोडका वाडा असतो. "हे कोणाचे?" असे विचारले तर उत्तर येते, "कोणाचंच नाही." खरे तर ते कोणाचे तरी होते. ती माणसे गेली, एवढेच.

सगळ्याच वास्तू सरकार राखील असे नाही. पण पावसाळ्यापूर्वी भिंतीतले रोप उपटणे, विहिरीत कचरा न टाकणे, कोरलेला दगड पायरीला न लावणे, याला पैसा लागत नाही. पंचायतीच्या सभेत विषय काढायलाही पैसा लागत नाही. आणि त्या जागेची माहिती म्हाताऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून ठेवायला फक्त अक्षर लागते. ते आता तुमच्यापाशी आहे.

प्रश्न

१. कोकणातल्या यहुद्यांना 'शनिवार तेली' का म्हणत?
२. चेंदमंगलमच्या दारातला दगड कोणाचा आहे? तो किती साली कोरला?
३. तोरा ठेवायचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला का आहे?
४. पुऱ्या प्रार्थनेसाठी किती पुरुष हजर लागतात?
५. कडवुंभागमचे घर कोसळले आणि चेंदमंगलमचे उभे राहिले. असे का झाले, ते आपल्या शब्दांत सांगा.

करून पाहा

तुमच्या गावातली एक जुनी जागा निवडा. ती कोणी बांधली, कशासाठी बांधली, तिथे पूर्वी काय चालत असे, हे दोन वडीलधाऱ्या माणसांना विचारा. पाच ओळी लिहा. खाली तारीख घाला आणि वर्गात वाचून दाखवा.